तोफेसमोर

४ फेब्रुवारी

आज मी भावोजींच्या तोंडावर ठोसा मारला. त्यांचा ओठ फाटला आणि समोरचा एक दात हलायला लागला.

कसं झालं ते लिहून ठेवते, कारण संध्याकाळपासून घरात त्याच्या वेगवेगळ्या हकिकती तयार झाल्यात. जेवायला भावोजींचे दोन मित्र आले होते. टीव्ही चालू, आत मिक्सर चालू, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. मी हेडफोन लावून जेवत होते. त्यात गाणी नसतात, ते नुसते आवाज अडवायला. भावोजी म्हणाले, "अगं, पाहुणे आलेत, बघ तरी त्यांच्याकडे." मला ऐकू आलं होतं, पण तोंडात घास होता. मग त्यांनी हेडफोन ओढून काढले आणि माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "बघ. डोळ्यांत बघ. जमतं की नाही?" मित्र हसले. भावोजी हनुवटी सोडेनात. मग माझा हात गेला. गेला म्हणजे मीच मारलं, हात काही आपला आपण जात नाही.

ताईने बर्फ आणला. आधी त्यांच्या ओठाला, नंतर माझ्या बोटांना.

आई गेल्यापासून मी ताईकडे राहते. मला ऑटिझम आहे हे आईला माझ्या पंचविशीत कळलं. तोवर सगळे मला हट्टी म्हणायचे. भावोजी अजून म्हणतात. बर्फाआडून ते ताईला म्हणाले, "पुन्हा असं झालं तर हिला त्या संस्थेत ठेवायचं. मी चौकशी करून आलोय." मी ती संस्था बाहेरून पाहिली आहे. तिथल्या खोल्यांना कड्या आहेत, पण बाहेरच्या बाजूने.

ताई भांडी घासत बसली, घासलेलीसुद्धा.

१० फेब्रुवारी

मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाइकांशी बोलावं लागत नाही, म्हणून ही नोकरी टिकली. आज घरी जाताना गॅरेजच्या तळघरातून आवाज आला. धप. धप-धप. धप. असा आवाज मला आवडतो, म्हणून जिना उतरले.

खाली बॉक्सिंगचा क्लब होता. टक्कल पडलेला एक माणूस स्टुलावर बसला होता. त्याला सगळे सर म्हणतात.

"काय पाहिजे?"

"हा आवाज कशाचा आहे?"

"माणसाच्या आतल्या रागाचा."

मी नीट पाहिलं. चामड्याच्या पोत्याचा होता. तसं सांगितलं. सर पोट धरून हसले आणि म्हणाले, "मार मग. बघू दे."

मी मारलं. पोतं परत आलं, पुन्हा मारलं. ते कधी परत येणार हे आधीच कळतं, हे मला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने सरांनी थांबवलं. "समोर माणूस आला की त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. डोळे फसवतात. इथं बघायचं," म्हणत त्यांनी स्वतःच्या छातीवर, गळ्याच्या खाली बोट ठेवलं.

माझ्या उभ्या आयुष्यात डोळ्यांत बघू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत बाई तर डोकं धरून फिरवायच्या.

उद्यापासून रोज जाणार. ताईला सांगितलं की व्यायामाला जाते. ती म्हणाली, "बरं होईल, हातांना काहीतरी काम."

२६ फेब्रुवारी

रिंगमध्ये उतरले. मला वाटलं होतं की अंगाला कोणी हात लावला की मला नेहमीसारखं होईल. म्हणजे कातडीखाली मुंग्या आणि पळून जावंसं वाटणं. तसं झालं नाही. घंटा वाजली की लागणार, घंटा वाजली की थांबणार. कोणी उगाच खांद्यावर हात टाकत नाही, गाल ओढत नाही. तोंडावर ठोसा बसला तर ते त्याचं कामच आहे.

समोर जी मुलगी होती तिला तोफ म्हणतात. ती दिवसा कुरिअरचे खोके उचलते आणि संध्याकाळी माणसांना आडवं करते. एप्रिलअखेर तिची मोठी स्पर्धा आहे. तिचा उजवा ठोसा माझ्या कपाळावर बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं, परत नेहमीचं झालं. मी उभी होते. तिने पुन्हा मारलं. मी उभीच.

सर ओरडले, "अरे, हिला लागतच नाही की!" मग सगळ्यांना बोलावून दाखवलं. "ही माणूस नाही, भिंत आहे!"

तेव्हापासून मला भिंत म्हणतात. शाळेत मला ठेवलेली नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत, त्यामानाने हे फारच चांगलं आहे. भिंतीशिवाय घर उभं राहत नाही.

मला लागत नाही असं नाही. लागतं, पण काय लागलं ते मागाहून कळतं, आणि चेहऱ्यावर तर पोचतच नाही. शाळेत मागच्या बाकावरची मुलं माझ्या दंडात कर्कटक टोचून बघायची, मी कधी ओरडते ते. मी ओरडले नाही म्हणून अजून खोल टोचायची. बाईंना रक्त दिसलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हिनेच काढलं असेल त्यांना डिवचून." मग मला वर्गाबाहेर बसवलं. नववीचं गणित मी खिडकीतून शिकले. चांगले मार्क मिळाले, खिडकीतून गडबड कमी ऐकू येते.

१३ मार्च

आता मी फक्त तोफेसमोर उभी राहते. सर म्हणाले, "तू उलटं मारायचं नाही. तिची लय बिघडते. हात वर धर आणि उभी राहा. तुझ्याशिवाय तिची तयारी होणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मी घरी येताना ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं.

माझ्या हेडगार्डचा पट्टा तुटलाय, तो सारखा डोळ्यांवर येतो. चांगला हेडगार्ड तोफेकडे आहे. बरोबर आहे, स्पर्धा तिची आहे.

आज नाकातून रक्त आलं. तोफ थांबली. सर म्हणाले, "कोणी सांगितलं थांबायला?" नंतर मी पायऱ्यांवर बसले होते, तर तोफ शेजारी येऊन बसली आणि ओला रुमाल दिला. म्हणाली, "तू कधी बास म्हणत नाहीस का गं?"

मी म्हटलं, "घंटा वाजते ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिला रुमाल परत हवा होता. मी दिला. तिने तो घेतला नाही.

२१ मार्च

तोफ बिघडली आहे. तिचे ठोसे येतात, पण लागायच्या आधीच त्यांतला जोर निघून जातो. चार दिवस हेच चाललंय. स्पर्धा जवळ आली आणि हिचा दम संपला असेल तर माझा काय उपयोग? मला काळजी वाटली, म्हणून सरांना सांगितलं, "तोफ नीट मारत नाही."

सरांनी तिला रिंगमध्येच विचारलं, "काय गं? दया येतेय? भिंतीला दया लागते का? विचार तिला."

तोफेने विचारलं नाही. मीच म्हटलं, "मला चालतं."

मग सर दोरीला धरून उभे राहिले आणि तोफेला शिव्या घालत राहिले. तिच्या आईवरून, बापावरून, खोके उचलण्यावरून. "मार! डोक्यात मार!" आणि तोफेने मारलं. डावा, उजवा, पुन्हा उजवा. हेडगार्ड फिरून डोळ्यांवर आला, मला दिसेना. डाव्या कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं, फुगा फुटतो तसं, आणि मग पाण्याखाली असल्यासारखा सगळ्यांचा आवाज. मी दोरीवर टेकले. घंटा वाजली असेल, पण मला ऐकू आली नाही. तोफ मारत होती आणि रडत होती. दोन्ही एकदम कशी करते कोण जाणे.

जाताना ती म्हणाली, "का सांगितलंस त्यांना?"

"खरं होतं म्हणून."

"मूर्ख आहेस तू," म्हणाली आणि गेली. माझ्यावर का चिडली ते कळलं नाही. मी तिच्याच भल्यासाठी सांगितलं होतं.

३० मार्च

ताई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी आठवड्यात दोनदा काचा फ्रेममध्ये उलट्या बसवल्या. दुकानदार काका रागावले नाहीत, पण त्यांनी ताईला फोन केला. शिवाय ताईने आंघोळीनंतर माझ्या दंडांवरचे काळेनिळे डाग पाहिले.

आधी तिने स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "कोणी मारलं?"

"तोफेने."

"का?"

"सर सांगतात म्हणून."

"आणि तू मार खातेस? का म्हणून?"

"मी त्यांना तिथे लागते, ताई."

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, उद्यापासून जायचं नाही. मी हो म्हटलं नाही, त्यामुळे मी खोटं बोललेले नाही.

डॉक्टर ताईशीच बोलले. "हिला दुखतंय का?" ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नीट शोधून पाहिलं आणि जे आहे ते सांगितलं, की दिव्यांना कडा आल्यात, डावीकडे सारखी शिट्टी वाजते आणि सकाळी उलटी होते.

"म्हणजे दुखत नाही," डॉक्टर म्हणाले. मग ताईला, हळू आवाजात, "असे पेशंट स्वतःचं डोकं आपटून घेतात. घरी आपटते का?"

"नाही हो, कधीच नाही. तिला मारलंय," ताई म्हणाली.

"मारलं असं ती म्हणते." त्यांनी शांत राहण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. कान तपासला नाही.

रात्रीचं जेवण होईपर्यंत भावोजींनी संस्थेचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवला होता.

४ एप्रिल

गोळी घेतली की शिट्टी तशीच राहते, मीच लांब जाते. क्लबला गेले. ताईला वाटतं मी दुकानात जास्त वेळ थांबते, आणि तिने तसं विचारलं नाही. तोफ माझ्याकडे बघत नाही. सर म्हणाले, उद्या पाहुणे येणार, क्लबला मोठी जागा मिळवून देतील, भिंतीने यायलाच हवं. मी म्हटलं, येते. जिना चढताना उजवा पाय मागे राहत होता.

२२ एप्रिल

ताईने वही आणून दिली. हात अजून वाकडा चालतो. मी हॉस्पिटलमध्ये आहे. डोक्याची डावी बाजू भादरलेली आहे आणि तिथे टाके आहेत.

पाच तारखेचं आठवतं तेवढं लिहिते.

पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. आधी तोफेने पोत्यावर मारून दाखवलं. मग सरांनी मला रिंगच्या मधोमध उभं केलं, हेडगार्डशिवाय. "ही आमची गंमत. हिला कितीही मारा, हिच्या तोंडावरची माशी हलत नाही. कोणाला बघायचंय?"

एक पाहुणा कोट काढून आला. त्याने पोटात मारलं. मी उभी राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा आला, त्याने आधी लाजल्यासारखं केलं, मग बरगडीत मारलं, आणि काही झालं नाही म्हणून पुन्हा, जोरात. ते हसत होते. एकाच कानाने ऐकत होते मी, पण हसू ओळखीचं होतं. कर्कटकवाली मुलं असंच हसायची. त्यांना मी लागत नव्हते. त्यांना फक्त मी कधी ओरडते ते बघायचं होतं.

हे मला तिथे, रिंगच्या मधोमध उभी असताना कळलं. मला गोष्टी मागाहून कळतात, पण ही वेळेवर कळली.

तिसरा पाहुणा तोंडावर मारायला निघाला तेव्हा तोफ दोरीखालून आत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "बास. हिला आता कोणी हात लावायचा नाही." सर हसत हसतच आत आले, पाहुण्यांसमोर तसंच यावं लागतं. त्यांनी तोफेची वेणी धरून तिला मागे ओढलं आणि थोबाडीत मारली. एक, मग उलट्या हाताने दुसरी. तोफ एवढी माणसांना आडवं करणारी, पण तिने हात वर केला नाही. सरांसमोर तिचे हात उचलतच नाहीत हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी सरांच्या छातीकडे पाहिलं, गळ्याच्या खाली. मग डावा मारला, मग उजवा. जबड्यातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ते बसले. तोंडातून रक्त आणि थुंकी एकत्र गळत होती आणि ते काहीतरी म्हणत होते, पण त्यांचा जबडा एका बाजूला आणि शब्द दुसऱ्या बाजूला जात होते. मी अजून एक मारणार होते. मला मारायचा होता. तोफेने मागून मला कवेत धरलं.

मी भावोजींना मारलं तेव्हा नंतर वाईट वाटलं होतं. आज सतरा दिवस झाले, याचं अजून वाटलेलं नाही. वाटायला हवं का, हे कोणाला विचारावं तेही कळत नाही.

जिन्यावर माझा पाय पूर्णच गेला. पुढचं मला आठवत नाही, तोफेने ताईला सांगितलं ते लिहिते. तिने मला पाठीवर घेऊन रस्त्यावर आणलं, एका टॅक्सीपुढे आडवी उभी राहिली. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, पडली का? तोफ म्हणाली, "नाही. मी मारलंय. महिनाभर रोज डोक्यात मारलंय. तुम्ही आधी डोक्याचा फोटो काढा, पोलिसांना मग बोलवा."

फोटो काढला. डोक्यात रक्त साकळलं होतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं.

तोफेने असं का सांगितलं असेल? तिला पकडलं असतं. पडली म्हटलं असतं तरी चाललं असतं. ताईला हे विचारलं तर ती नुसती माझ्या पायांवरून चादर सारखी करत राहिली.

३ मे

घरी आले. सरांनी तक्रार केलेली नाही, त्यांना पाहुण्यांचं सांगावं लागलं असतं. ताईने मात्र केली आहे, त्यांच्यावर. पोलीस दोनदा येऊन मला प्रश्न विचारून गेले. सरांनी तोफेचं नाव स्पर्धेतून काढून टाकलं. तिची दोन वर्षांची तयारी फुकट गेली.

दुपारी भावोजी फ्रिजसमोर उभे राहून म्हणाले, "आता तरी पटलं का? बाहेर जाऊन जबडे मोडते. उद्या कोणाचा जीव घेईल. मी त्यांना फोन करतो."

ताईने नंबरचा कागद ओढून काढला, चुरगाळला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "ती इथेच राहील. तुम्हाला जमत नसेल तर तुमच्यासाठी बघा एखादी संस्था."

"हे तू मला म्हणतेस?"

"हनुवटी तुम्हीच धरली होती ना तिची? मी तेव्हा गप्प बसले. आता नाही बसणार."

भावोजींनी हातातला पेला भिंतीवर फेकला. काचा माझ्या पायापर्यंत आल्या. ताई जागची हलली नाही. मग ते बाहेर निघून गेले. ताईने काचा गोळा केल्या, मी मदत केली, मला काचांची सवय आहे.  मी तिला सांगितलं की भावोजींचा नेम चुकला. तिला हसू आलं.

११ जून

तोफ आली होती. महिन्याभरात पहिल्यांदा. दारातच म्हणाली, "मला माफ कर असं मी म्हणणार नाही. तू ठीक आहे म्हणशील आणि मला ते नकोय."

मी ठीक आहे म्हणणार होते, म्हणून गप्प बसले.

ती आता एकटीच सराव करते, कुरिअरच्या गोदामात, खोक्यांच्या मागे. ऑगस्टमध्ये एक छोटी स्पर्धा आहे, तिथे कोपऱ्यात कोणीही उभं राहिलेलं चालतं. "माझ्या कोपऱ्यात येशील? पाणी द्यायला आणि चुकतंय काय ते सांगायला."

डॉक्टरबाईंनी सांगितलंय की माझ्या डोक्याला आता फटका बसता कामा नये, कधीच. कोपऱ्यात फटका बसत नाही. मी हो म्हटलं.

२ ऑगस्ट

आज स्पर्धा होती. आत्ता दुपार आहे आणि तोफ माझ्याच पलंगावर झोपली आहे. माझ्याशी आयुष्यात पुन्हा बोलणार नाही असं तिने सांगितलंय.

समोरची मुलगी उंच होती. पहिला राउंड तोफेचा. दुसऱ्यात तिला कानशिलावर एक बसला आणि तिची पावलं फाकून पडायला लागली. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. लोक ओरडत होते, हॉलमध्ये दिवे फार होते, माझ्या हेडफोनमधूनही सगळं आत येत होतं. तोफेच्या भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी ती पुढेच जात होती. आणि अजून खात होती. मध्यंतरात मी विचारलं, "बास?" ती म्हणाली, "वेडी आहेस का? जिंकतेय मी."

कदाचित जिंकतही असेल. गुण कोणाचे किती होते ते मला ठाऊक नाही.

तिसऱ्यात ती दोरीला टेकली. उंच मुलीने एकामागून एक चालू केलं, डोकं इकडे, डोकं तिकडे, लाल फवारा पंचांच्या टेबलावर उडाला. तोफ पडत नव्हती. उभी होती. लोकांना तेच आवडलं होतं, ते बाकांवर उभे राहून टाळ्या पिटत होते. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. मी तो रिंगमध्ये फेकला, म्हणजे आमची हार कबूल.

रेफरीने हात आडवे केले. हॉलमध्ये माझ्या नावाने बोंब झाली.

तोफेने मला सगळ्यांसमोर ढकललं, छातीवर, डोक्यापासून लांब. "थोडाच वेळ राहिला होता! जिंकले असते मी! कोण तू मला थांबवणारी?"

"मला बघवेना."

"मग डोळे मिटायचे होतेस!"

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मग तिथेच बादलीत ओकली. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरीने तिचे डोळे पाहिले, भुवई शिवली आणि म्हणाले, आज हिला एकटीला सोडू नका. झोपली तर अधूनमधून उठवून प्रश्न विचारत राहा, नीट उत्तर देते का बघा. तिची खोली गोदामावर आहे आणि तिथे कोणी नसतं. ताई टॅक्सी घेऊन आली. तोफ घरी आल्यावर मला म्हणाली, "तुझं तोंड बघायचं नाही मला," आणि माझ्या उशीवर डोकं ठेवून झोपली.

मी खुर्चीवर बसले आहे. मघाशी उठवून नाव विचारलं. म्हणाली, "तोफ." मी म्हटलं, खरं सांग. तिने खरं सांगितलं आणि पुढे मला एक शिवी दिली. त्याआधी उठवलं तेव्हाही शिवी दिली होती, पण ही वेगळी होती आणि लांब होती, म्हणजे डोकं नीट चाललंय.

ताईने दारातून हळूच विचारलं, "रागावली आहे का अजून?"

"हो. खूप."

"मग थोडं झोपू दे की."

नाही. आता पुन्हा उठवायची वेळ झाली.